नववा अर्ज

स्तामातिया म्हणजे एक नंबरची खमकी बाई. ग्रीसमधल्या आमच्या एपिरसच्या डोंगरातलं बायझंटाईन संग्रहालय तिनं बावीस वर्षं राखलं. काचेजवळ कुणी गेलं की हिची हाक ठरलेली, "हात मागे!" एकदा खुद्द बिशप रिवाजाप्रमाणे संताच्या एका तसबिरीचा मुका घ्यायला वाकले, तर त्यांनाही म्हणाली, "महाराज, चर्चमध्ये तुमचं राज्य, इथं माझं."

पण तिची आई पागोना, वय एक्याण्णव, तिच्याहून सवाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. आता उशीर केलात तर नजर कायमची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हातारी मात्र अडून बसली. "डोळे सांभाळणारी आमची संत परस्केवी. आधी तिच्या हाताचा मुका घेईन, मग सुरी लावा."

गावातलं चर्च भूकंपात खचलं तेव्हा परस्केवीची लाकडावरची जुनी तसबीर संग्रहालयात आली होती.

"आई, ती आता काचेत आहे."

"मग काय काचेचा मुका घेऊ? खुळी समजतेस मला?"

स्तामातियाही हट्टाला पेटली. काच उघडू द्या म्हणून संग्रहालयाच्या साहेबांना अर्ज दिला. नकार. दुसरा दिला. नकार. असे आठ झाले. नवव्यावर साहेबांनी वैतागून लिहिलं: ओलावा तपासायला वर्षातून एकदा पेटी उघडते, तेव्हा आईला जवळून पाहू द्यावं. स्पर्श नाही.

स्तामातियानं कागद घडी करून खिशात ठेवला. काय करायचं ते तिनं मनाशी ठरवलं होतं.

मंगळवारी संग्रहालय बंद असतं. तसबिरींची डागडुजी करणाऱ्या मिर्तोनं काच उघडली. म्हातारी काठी टेकत पुढं झाली, ओठ पुढं केले, आणि स्तामातियाचा हात आपसूक आडवा गेला. "हात मागे!"

"माझ्यावरही ओरडतेस?" म्हातारी म्हणाली.

स्तामातियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं हात खाली घेतला, आईला खांद्याला धरून पुढं नेलं. "घे आई. मी आहे."

म्हातारीनं परस्केवीच्या झिजलेल्या बोटांवर ओठ टेकले. मिर्तो खिडकीबाहेर बघत राहिली.

मग स्तामातियानं पहाऱ्याची वही ओढली. 'तसबिरीला स्पर्श झाला. मी होऊ दिला.' खाली पूर्ण नाव घालून सही.

"कशाला लिहिता, ताई? मी काही पाहिलं नाही."

"मी पाहिलं ना."

"लिहून झालं असेल तर चल," म्हातारी दारातून म्हणाली. "डॉक्टर काय दिवसभर थांबतोय माझ्यासाठी?"