आईने खाटा करून घेतल्या तो दिवस

मंडळी, आज सकाळी विठ्ठलवाडीजवळच्या बेघर मुलींच्या वसतिगृहात गेले होते. माझ्या आईने सुरू केलेलं. नव्या मजल्यावर चाळीस खाटा आल्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात काही उचलले गेले नाहीत.

फाळणीनंतर कल्याणच्या निर्वासित छावणीत आईला चौदा-पंधरा वर्षांच्या दोन मुली एकट्याच भेटल्या. तिने त्यांना घरी आणलं. वर्षभरात अकराजणी झाल्या, तेव्हा लष्कराची एक रिकामी बराक मागून घेतली. झोपायला मात्र चटयाच.

"खाटा कशाला? यांची माणसं येतीलच न्यायला," आई म्हणायची.

चार वर्षं गेली, कोणी आलं नाही. मुलींची संख्या मात्र वाढत गेली. शेवटी आईने सुतार बोलावून खाटा करून घेतल्या. मुली खूश होत्या. आई त्या दिवशी जेवली नाही.

मी दहा वर्षांची होते. विचारलं, "काय झालं गं?"

"मी वाट बघणं सोडलं," ती म्हणाली.

पुढेही कोणाला न्यायला कोणी आलं नाही. अशी जागा वाढली की आनंद मानायचा असतो का? तुम्हाला काय वाटतं?