साहेबरावांची मिरजेतली खुर्ची

साहेबराव ओव्हाळांना मी अकरा वर्षं रोज बघत होतो, आणि मला त्यांची काहीही माहिती नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझं कौतुक करायला नको.

ते आमच्या पिंपरीच्या कंपनीत गेटवर वॉचमन होते. मी टूलरूमचा फोरमन, हिंदुराव. तोंडाचा फटकळ, डोक्याचा तापट. शिफ्टमधली पोरं मला फटाका म्हणायची, अर्थात पाठीमागं. साहेबराव बरोबर उलटे. देहूच्या अलीकडच्या वस्तीत घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कपड्यांची इस्त्री कधी मोडलेली नाही की आवाज कधी चढलेला नाही.

आमचं दुसरं नातं चिंचवडच्या लॉजमधलं. लॉज म्हणजे उतरायची खोली नव्हे, फ्रीमेसन लोकांचं मंडळ. स्टेशनजवळच्या बंगल्याचा वरचा हॉल आम्ही भाड्यानं घेतला होता. दारं लावून बसतो म्हणून आजूबाजूचे लोक त्याला भुताचा बंगला म्हणत. भूतबित काही नव्हतं हो. मोठमोठी माणसं पांढरे एप्रन बांधून एकमेकांना भाऊ म्हणायची, धर्म आणि राजकारण बाहेर ठेवायची. आणखी आतलं विचारू नका, सांगणार नाही.

या हॉलच्या दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन एक जण उभा असतो, त्याला टायलर म्हणतात. परक्या माणसाला आत जाऊ द्यायचं नाही हे त्याचं काम, आणि तो स्वतः मेसनच असावा लागतो. १९६६ साली लॉज सुरू झालं तेव्हा कंपनीच्या मोठ्या साहेबांनी साहेबरावांना फी न घेता भाऊ करून घेतलं ते यासाठीच. दीक्षेचे तीन दिवस ते आत गेले. त्यानंतर दार लागलं की ते बाहेर आणि आम्ही आत.

परगावचा मेसन पाहुणा आला की त्याला पारखायचं कामही त्यांचंच. पाहुण्यानं कसं वागावं हे त्यांच्याइतकं आमच्या मास्तरांनाही, म्हणजे लॉजच्या प्रमुखांनाही, ठाऊक नव्हतं. एकदा मुंबईचा एक बडा मॅनेजर मोटारीतून उतरला. मेसन असल्याचं सर्टिफिकेट घरी विसरलेला, आमच्यात त्याला ओळखणारं कुणी नाही. साहेबरावांनी त्याला व्हरांड्यात खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "साहेब, तुमच्यावर संशय नाही. पण आज तुमच्यासाठी सोडलं तर उद्या कुणालाही सोडावं लागंल. आपण पुढच्या महिन्यात कागद घेऊन या." मॅनेजर लालबुंद झाला. पण पुढच्या महिन्यात कागद घेऊन आला आणि आत जायच्या आधी साहेबरावांचा हात हातात घेऊन उभा राहिला.

१९७७ च्या नोव्हेंबरात त्यांनी मला गेटवर थांबवलं. त्यांची मुलगी मिरजेला दिलेली, जावई रेल्वेत. नातू झाला होता, त्याला बघायला ते निघाले होते. मलाही त्याच आठवड्यात सांगलीला फाउंड्रीत काम होतं.

"मिरजेत लॉज हाय म्हणतात, साहेब," ते म्हणाले. "आपल्या इथं मी टायलर. परगावी मी टायलर न्हाई, नुसता पाहुणा. पाहुण्याला आत बसवतात."

मी म्हटलं, "मग जाऊ की दोघं."

ते गेटकडं बघून म्हणाले, "आमचा आजा वेसकर होता. जन्मभर गावाच्या वेशीत उभा. बाप मिलिटरी डेपोच्या फाटकावर. मी कंपनीच्या गेटवर, आन् लॉजमधीबी दारातच. तक्रार न्हाई. पण एकदा आत बसून बघायचंय. आत काय चालतं ते मला पाठ हाय. बसून कसं वाटतं ते बघायचंय."

मी आठवणीनं सर्टिफिकेट घ्या म्हणालो. त्यांना सर्टिफिकेटची आठवण करून देणारा मी मोठा शहाणा!

बैठकीच्या शेवटी मास्तर विचारतात तेव्हा पाहुण्यानं उभं राहून आपल्या लॉजच्या शुभेच्छा पोचवायच्या असतात, इंग्रजीत. साहेबरावांनी ते वाक्य आठ दिवस गेटवर घोकलं. ट्रक आत घेता घेता, गेटपासवर सही करता करता, ओठ हलतायत. "हार्टी गुड विशेस, वर्शिपफुल मास्टर." पोरं हसायची. एकाला मी त्यावरून असा झापला की आठवडाभर माझ्यासमोर आला नाही.

रविवारी चारला मिरजेची बैठक होती. आम्ही साडेतीनलाच पोचलो, कारण पाहुण्यानं आधी जावं, यजमानाला खोळंबून ठेवू नये. साहेबरावांनी काळा कोट घातला होता, जावयाचा, खांद्यात थोडा घट्ट. न मागता सर्टिफिकेट पुढं केलं. परीक्षेची उत्तरं अशी दिली की परीक्षा घेणारा गृहस्थच दोनदा अडखळला. मग पाहुण्यांच्या वहीत सही. नाव, लॉज, हुद्दा. हुद्द्याच्या रकान्याशी ते थबकले आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "पूर्ण लिहा. लाज कसली?"

त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, टायलर.

हीच माझी घोडचूक. तिथले सेक्रेटरी सुताचे व्यापारी, माणूस वाईट नव्हता. त्यांनी वही वाचली आणि त्यांचा चेहराच उजळला. त्यांचा टायलर तापानं पडला होता. जेमतेम नऊ सभासद आलेले, प्रत्येकाला आत नेमून दिलेलं काम. दारावर कुणी नसेल तर लॉज उघडताच येत नाही, आणि त्या दिवशी एका नव्या माणसाची दीक्षा होती.

"देव पावला," ते म्हणाले. "ब्रदर ओव्हाळ, तुम्ही जाणकार आहात. आजच्यापुरतं दार सांभाळाल का?"

साहेबरावांनी माझ्याकडं बघितलं नाही. यजमानाची अडचण करू नये, हा त्यांचाच नियम. "सांभाळतो की," म्हणाले आणि तलवारीला हात पुढं केला.

आणि मी? एरवी बोल्ट वाकडा बसला तरी आकाशपाताळ एक करणारा मी मूग गिळून आत गेलो. पाहुण्यानं उलट बोलू नये, अशी मनाची समजूत घातली. खरं तर चारचौघांत तमाशा नको, एवढंच होतं.

आत पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर मी बसलो. दार लागलं, बाहेरून तलवारीच्या मुठीचे ठोके आले, स्वच्छ, मोजून. लॉज उघडलं. सगळे भाऊ समान पातळीवर भेटतात असं काहीसं वाचन सुरू झालं आणि मला शेजारच्या खुर्चीकडं बघवेना. लाज वाटली, नुसती लाज.

मी उभा राहिलो. रीतसर सलाम केला आणि बाहेर जायची परवानगी मागितली. तिथले मास्तर, पिकल्या केसांचे डॉक्टर, चकित झाले. कारण विचारलं.

"मास्तर, आम्ही दोन पाहुणे आलो," मी म्हटलं. "एकाला दारात उभं करायचं असेल तर वयानं लहान असेल त्याला करा. मी बेचाळीसचा आहे, ते छप्पन्नचे. आणि ते अकरा वर्षं उभेच आहेत."

सेक्रेटरींनी मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, "ब्रदर, चूक आमची आहे. जा, आणि त्यांना आत पाठवा."

बाहेर साहेबराव तलवार सोडेनात. "काम चालू असताना दार सोडता येत न्हाई, साहेब."

"मास्तरांचा हुकूम आहे."

हुकूम म्हटल्यावर त्यांनी तलवार माझ्या हातात दिली, मूठ माझ्याकडं करून. एप्रन सारखा केला. कोटाची बटणं चाचपली. मी दारावर ठोकलं, दार उघडलं, ते आत गेले आणि दार लागलं.

मग मी उभा राहिलो. टायलरला खुर्ची नसते हे मला माहीत होतं. आजवर त्याचा कधी विचार केला नव्हता. पहिली पंधरा मिनिटं मजा वाटली. मग तलवार जड व्हायला लागली. आतून आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मधेच सगळे हसले. कशाला हसले असतील? आपण बाहेर असताना आतलं हसू कसं ऐकू येतं ते मला तेव्हा समजलं. चिंचवडला मी पावसाळ्यात ओली छत्री या माणसाच्या हातात देऊन आत जायचो, वर म्हणायचो, नीट धरा, तार मोडलीय. दोन तास मला तेवढंच आठवत राहिलं.

सहाच्या सुमारास दार उघडलं. सगळ्यात आधी डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याजवळ थांबले.

"तुमच्या ओव्हाळांनी शुभेच्छा दिल्या," ते म्हणाले. "इंग्रजी वाक्य अर्ध्यात अडलं. मग मराठीत म्हणाले, चिंचवडच्या लॉजचा नमस्कार घ्या. आन् दारात माझा भाऊ उभा हाय, त्याचाबी घ्या."

साहेबराव त्यांच्यामागून आले. डोळे लाल झालेले, पण चेहरा शांत. बसून कसं वाटलं ते विचारावं म्हणून मी तोंड उघडलं. त्याआधी त्यांनी माझ्या हातातली तलवार काढून घेतली, भिंतीला नीट टेकवली आणि माझ्या गुडघ्यांकडं बघितलं.

"पाय भरून आले का, भाऊ?"

अकरा वर्षांत मी त्यांना हे एकदाही विचारलं नव्हतं.