कोऱ्या कानाची कालवड

पावणे गावात आमच्या भातखाचरांवर कारखाने उभे राहिले, तेव्हा आईने एकच गाय राखली. तिला झालेली पहिली कालवड आईने गावदेवीच्या जत्रेला न्यायची ठरवली होती. देवीपुढे न्यायच्या जनावराचे अंग अखंड असावे, ही आमच्या घरची रीत.

जत्रेच्या तोंडावर सरकारी डॉक्टर गायींच्या सांसर्गिक गर्भपातावरची लस घेऊन आले. ही लस लहान कालवडींनाच टोचतात आणि टोचलेलीच्या कानावर खूण गोंदतात. मी कालवडीची मान धरून उभा होतो.

"सुई टोच, डाक्टर, पन कानाला हात नको लावू. जत्रंला न्यायची हाय ती," आई म्हणाली.

"मावशी, पुढं रक्तात दोष निघाला तर तो लशीचा की रोगाचा, हे कसं कळायचं?"

"मी हाय ना सांगाया!"

डॉक्टर हसले आणि त्यांनी कान कोरा सोडला. कालवड थोडी कणकणली, मलूल झाली. पण जत्रेत हळद माखलेल्या कानांनी मिरवली.

यथावकाश ती गाभण राहिली. त्याच सुमारास गावातल्या गायींची रक्ततपासणी झाली. पहिल्या डॉक्टरांची बदली झाली होती. नव्या डॉक्टरांनी तिच्या रक्तावरच्या निवळीचा थेंब रंगीत औषधात कालवला, आणि पट्टीवर दोष दाखवणाऱ्या बारीक गुठळ्या उमटल्या. रोग असेल तर गाभ पडेल, दुसऱ्या जनावरांना आणि माणसांनाही लागण होईल. मग हिला ठेवता येणार नाही, असे ते म्हणाले.

"लस टोचलीय तिला."

"खूण कुठंय?"

आईने माझ्याकडे पाहिले. मी साक्ष दिली, पण फार हळू आवाजात. गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या निघतील, हा विचार तेव्हा माझ्या मनात येऊन गेला होता, हे आज मला नाकारता येत नाही.

"तुमच्यावर विश्वास आहे हो," डॉक्टर म्हणाले, "पण लस म्हणजे त्याच जंतूचं दुबळं रूप. या तपासणीला दोन्ही सारखेच दिसतात. तिला वेगळी बांधा, दूध उकळूनच प्या. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊ. दोषाचा जोर वाढला तर रोग धरायचा."

आईने कालवड पडवीच्या टोकाला बांधली. तिचे घमेले वेगळे, दावे वेगळे, चारा घालणारा हातही एकच. "रुसलेल्या जावयाची बी एवढी सरबराई ना केली मी," असे ती कालवडीलाच ऐकवी. मी मात्र खोल्यांचा विचार पुन्हा मनातही आणला नाही.

दुसऱ्या तपासणीत जोर उतरला होता. लशीचाच परिणाम असावा, पण वेतापर्यंत सावध राहा, असे डॉक्टरांनी बजावले. व्यायच्या दिवशी हातमोजे घालून ते स्वतः आले. आईला त्यांनी आत येऊ दिले नाही. ती कुडाबाहेरून त्यांना आणि गायीला मिळून सूचना देत राहिली. तिलाही पूर्ण दिवसांची, धडधाकट कालवड झाली. पुढच्या तपासणीत गायीचे रक्तही निर्दोष निघाले, आणि ती आमच्याकडेच राहिली.

तिची कालवड लशीच्या वयाची झाली, तेव्हा आईने तिचा कान धरून डॉक्टरांपुढे केला.

"आदी खून गोंद. सुई मंग."

"आणि जत्रा?"

"देवीला मी सांगेन. तुज्यासारखी ती काय खून नाय मागत."