इंजिनाची तीट

त्या संध्याकाळी मी आन बायको शेजाऱ्याकडं चहा प्यायला बसलो होतो. हा माणूस खेळण्यातलं नवंकोरं रेल्वे इंजिन आणतो आन बारक्या ब्रशानं त्याच्यावर गंज रंगवतो. म्हणं, खरं दिसाया पायजे. पण दुसऱ्यानं बोट लावलं की बोंबलतो. लई डोकं उठतं माझं!

बायकोनं डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन इंजिनाला तीट लावली.

“वहिनी! महिन्याची मेहनत मातीत घातली!”

“लेकरावानी जपता, भावजी. नजर लागंल.”

“उद्याच पुसतो,” असं तो फणफणला.

त्याच रात्री बायको झोपेतच गेली.

सकाळी दारात माणसं जमलेली, अन् हा इंजिन घेऊन हजर. माझं टाळकंच फिरलं.

“धरा, दादा,” म्हणला. “तीट पुसली नाय. वरनं वार्निश मारलंय. आता निघायची नाय.”