पडताळणीचा आठवा आकडा

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर, गंमत म्हणून वाचत आलो. मी कॉम्प्युटरवाला, पुण्याचा, आणि बायकोच्या मते खवट. कारण सापडत नसेल तर माणसाने ते नीट शोधलेलं नाही, हे माझं मत. अजूनही तेच आहे... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. आम्ही बहरीनला, सनदमध्ये राहायचो. मनामातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या रक्तपेढीत मी बारकोडची सिस्टिम बसवून दिली होती. रक्ताच्या प्रत्येक पिशवीवर आठ आकडी नंबर आणि वर त्याच्या रेघा. एकेक आकडा म्हणजे दोन काळ्या रेघा आणि दोन पांढऱ्या फटी. कुठली जाड, कुठली बारीक, यावरून मशीन तो ओळखतं. पण खरे आकडे सातच, आठवा पडताळणीचा. पहिल्या आकड्यापासून एकाआड एक आकड्याला तिनाने गुणायचं, बाकीचे तसेच ठेवून सगळ्यांची बेरीज करायची, आणि ती पुढच्या दहाच्या पटीला जितकी कमी पडेल तो आठवा आकडा. एक जरी आकडा चुकला तरी गणित जमत नाही, मशीन लांब बीप देऊन नंबर नाकारतं.

प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला होता आणि त्याचा मला भलताच गर्व होता. पूर्वी पिशवी देताना दोन माणसं नंबर आणि रक्तगट मोठ्याने वाचायची. ते मी बंद करायला लावलं. तिथली टेक्निशियन फिलोमिना, वसईची, कुरकुरली, "भाऊ, डोळ्यांनी बघितलेलं बरं असते."

"मशीन हो म्हणालं की हो, नको म्हणालं की नको," मी म्हणालो. "तुम्ही डोकं चालवू नका." असं बोललो मी तिला. आज लाज वाटते.

ऑगस्टमधला शुक्रवार, दुपारची वेळ. माझी बायको शैला त्याच हॉस्पिटलात बाळंत झाली होती. मुलगी ठणठणीत होती, पण शैलाचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांनी रक्त मागवलं आणि मीच खाली धावलो. सुट्टीमुळे रक्तपेढीत फिलोमिना एकटीच. शैलाच्या रक्ताशी जुळवलेल्या पिशवीचा नंबर सकाळच्या शिफ्टने कागदावर लिहून ठेवला होता. त्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेल्या लेबलांवर पाणी धरायचं, रेघा फुगायच्या, स्कॅनर हात वर करायचा. म्हणून नंबर टाइप करायचा, मशीनने स्लिप छापली की त्या नंबरची पिशवी काढायची.

फिलोमिनाने टाइप केलं. लांब बीप. पुन्हा केलं. लांब बीप. मी तिला बाजूला सारून स्वतः बसलो, एकेक आकडा कागदाशी ताडून टाइप केला... लांब बीप.

"बायपास मारतो," मी म्हणालो. पडताळणी टाळून स्लिप छापायची ती सोय मीच ठेवली होती. बोट बटणावर गेलंसुद्धा.

फिलोमिनाने माझं मनगट धरलं. "नाय भाऊ. नको बोलला तर नको. तुम्हीच सांगितलंय."

"अहो, माझी बायको जाईल तिकडे."

"म्हणूनच."

तिने शैलाच्या रक्ताची चाचणी केलेली नळी शोधून काढली. नळीवर लिहिलेल्या पिशवीच्या नंबरात, आठव्या आकड्याच्या आधी, २७ होतं. कागदावर ७२. सकाळी घाईत कुणीतरी उलटं लिहिलं होतं. ७२ वाली पिशवीही त्याच फ्रिजमध्ये होती, वेगळ्याच रक्तगटाची. फिलोमिनाने कदाचित गट बघितला असता. कदाचित नसताही... दुसऱ्याने वाचण्याची पद्धत मीच मोडली होती.

योग्य पिशवी वर गेली. शैला वाचली.

दोन दिवसांनी मी मिरवायला रक्तपेढीत गेलो. चार लोक जमवले, तोच चुकीचा नंबर टाइप केला आणि म्हणालो, "आता बघा." छोटा बीप झाला. स्लिप छापून बाहेर आली.

दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा स्लिप. मग कागद-पेन्सिल घेऊन गणित मांडलं. शेजारच्या दोन आकड्यांत, दोन आणि सातसारखा, पाचाचा फरक असला आणि त्यांची अदलाबदल झाली, तर बेरीज बरोबर दहाने बदलते, आठवा आकडा तोच राहतो. या गणिताला ही चूक दिसतच नाही. मशीनने त्या शुक्रवारी पहिल्याच फटक्यात हो म्हणायला हवं होतं. प्रोग्रॅमला त्या दिवसापासून कुणी हात लावलेला नव्हता. मी तसाच हॉस्पिटलच्या साहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं आणि दोघांनी मोठ्याने वाचायची पद्धत परत सुरू करून घेतली.

मुलगी आता इंजिनिअर आहे. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. "लूज कनेक्शन, बाबा," म्हणते. असेल. पण तीनदा, दोन माणसांच्या हातून, आणि नेमका त्याच नंबराला? आधीचे आणि नंतरचे सगळे नंबर मशीनने बिनतक्रार घेतले होते.

फिलोमिनाला मी एकदा विचारलं होतं, हे काय असावं. ती टेस्ट ट्यूब धूत होती. म्हणाली, "तो नको बोलला, आपण ऐकलं. खलास."

मला अजून खलास म्हणता येत नाही. कारण मी ऐकलंच नव्हतं... माझं बोट बटणावर होतं.