पुसलेली पट्टी

गोंदियाच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय. त्यामुळे सौंदडची एक विद्यार्थिनी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ‘समुद्राच्या पाण्यात स्टील कसं गंजतं’ हा विषय घेऊन आली, तेव्हा मला हसूच आलं. तिचा मामा विशाखापट्टणमला बोटींच्या दुरुस्तीवर होता. सुट्टीवर येताना त्यानं दोन कॅन पाणी रेल्वेनं आणलं.

एका भांड्यात तिनं ते पाणी तसंच ठेवलं, दुसऱ्यात उकळून गार केलेलं. दोन्हींत स्टेनलेस स्टीलची एकेक पट्टी सोडली आणि रोज पट्टीचा व्होल्टेज मोजू लागली. उकळलेल्या पाण्यातला आकडा फारसा हलेना. साध्या पाण्यातला मात्र चढतच होता.

"सर, या पट्टीवर बुळबुळीत थर आला. त्याच्यानंच आकडा वाढून राहिला," ती म्हणाली.

"घाण आहे ती." मी पट्टी काढली, कापसानं पुसली आणि परत सोडली. आकडा खाली आला. "बघ! घाणीमुळे रीडिंग चुकत होतं."

"पण सर, पुसल्यावरच उतरला ना? मंग थरच काहीतरी करून राहिला असन."

तिला वाक्य पुरं करू दिलं हेच मोठे उपकार, अशा थाटात मी घड्याळ पाहिलं. रोज पट्टी पुसूनच मोजायची आणि आधीचे आकडे गाळायचे, असं सांगून वर्गावर निघून गेलो.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. तक्ते चाळत त्यांनी विचारलं, "साध्या पाण्यात जिवाणूंचा थर चढायला हवा होता. काहीच दिसलं नाही?"

ती माझ्याकडे पाहू लागली. त्या क्षणी मला कळलं, की तिचं बरोबर होतं. ‘पट्टी मी पुसायला लावली’ एवढंच म्हणायचं होतं. मी मान खाली घालून पानं उलटत राहिलो.

"नाही सर," ती म्हणाली.

निरीक्षणाचे गुण कापले गेले.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या विषयावर वाचलं. समुद्राच्या पाण्यात धातूवर जिवाणू चिकट थर धरतात, त्यानं स्टेनलेस स्टीलचा व्होल्टेज चढतो आणि मग त्याला बारीक खड्डे पडायची भीती वाढते. जाणकारांना हे कधीचंच ठाऊक होतं. तिला ते नुसत्या पाहण्यातून सापडलं होतं.

तरी तिच्याकडे जायला मला चार वर्षं लागली. ती आता सौंदडलाच शिकवण्या घेते. तिच्या आईनं खुर्ची दिली, चहा टाकला. मी एका दमात सगळं बोलून टाकलं.

"मले माहीत होतं, सर," ती म्हणाली. "तुमाले माहीत नव्हतं, त्याचं काही नाही. पण परीक्षकानं विचारलं तवा तुम्ही मान खाली काऊन घातली?"

"घाबरलो."

"मी पण घाबरलीच होती. पण मी तर शिकणारी होती ना."

आई चहा घेऊन आली. ‘माफ केलं’ असं माझी विद्यार्थिनी म्हणाली नाही आणि मलाही ते मागवेना. मी विचारलं, "पुढे संशोधन करायचं असेल तर शिफारसपत्र देऊ?"

"त्याच्यात काय लिहाल?"

"जे झालं तेच."

तिनं चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "लिहा. पण आधी मले वाचून दाखवा."

पत्राचे तीन खर्डे झालेत. प्रत्येक वेळी पट्टी पुसल्याच्या वाक्याशी माझा हात अडतो.