मेलेल्यांचा अर्ज

दोष सायमन मास्तरांचा. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण वस्तीत कुणालाही विचाराल तर तो माझं नाव सांगेल, आणि वस्ती कायम म्हाताऱ्यांच्या बाजूची.

आता चहाला बसलाच आहात तर ऐका माझी फजिती. हसायचं तिथं हसा. मला अजून काही जागी हसू येत नाही.

ईटजवळ आमची दहा-बारा कॅथलिक घरं. महिन्यातून एकदा फादर छकड्यातून येतात, मिस्सा करतात, जातात. बाकीचे दिवस देऊळ सांभाळतात सायमन मास्तर, माझे सख्खे चुलते. त्या वर्षी फादरांनी वस्तीतल्या म्हाताऱ्यांची न्यायकमिटी नेमली. काम एकच, वेठ थांबवायची. थंडीत तहसीलदार साहेब दौऱ्यावर निघाले की पाटील आमच्यातली सहा माणसं धरणार, आणि त्यांनी साहेबाचा तंबू, पेट्या, हंडे डोक्यावर घेऊन गावोगाव चालायचं. फुकट. वेठ बंद झाल्याचं सरकारी कागदावर केव्हाच छापलंय. आमच्या पाटलाला छापलेलं वाचता येत नाही.

मग कमिटीनं काय केलं? चार महिने प्रार्थना केली.

मी म्हणालो, "काका, अर्ज करा."

"अर्ज उर्दूत लागतो, फिल्या. इथं उर्दू कुणाला येतंय?"

मला येत होतं. जिल्ह्याच्या बोर्डिंगात राहून सातवीपर्यंत शिकलो होतो. मग एक दिवस हेडमास्तरांच्या टेबलावर पाटी आपटली आणि चालत घरी आलो. ती वेगळी कथा आहे, आणि तिथं दोष हेडमास्तरांचा.

तर मास्तरांनी मेणबत्त्यांच्या डब्यातून दोन कागद काढले. एकावर वेठीला जाणाऱ्या सहा जणांची नावं, ती मी अर्जात उतरवायची. दुसरा कागद फादरांना द्यायचा. नोव्हेंबरात मृतांची मिस्सा असते. घरोघरचे लोक आपल्या मेलेल्यांची नावं मास्तरांना सांगतात, फादर ती एकेक करून वाचतात, आणि नाव आलं की त्या घरातल्या माणसानं उठून मेणबत्ती लावायची.

दोन्ही कागद एकाच वहीचे, शाई तीच, मथळा कशालाच नाही. एकावर नुसता क्रूस. पण मास्तर बैलाच्या औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा क्रूस काढतात, त्यावरून कुणी काय समजायचं?

"हे बघ, ह्यो क्रूसवाला कागद—"

"कळतं मला, काका."

"आरं, ऐकून तरी घे."

"चार महिने तुम्ही हात जोडून बसला होता तेव्हाही मला कळत होतं."

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

नावं वाचून तरी कळायला नको होतं का, असं तुम्ही म्हणाल. अहो, आमच्यात बाप्तिस्म्याचं नाव फक्त फादर घेतात. वस्तीत सगळे धोंड्या, किसन्या, बाळ्या. त्यातून मी पाच वर्षं बोर्डिंगात. कोण जन्मलं, कोण गेलं, मला काय पत्ता? क्रूसवाला कागद पुढ्यात घेऊन मी असा झोकदार अर्ज लिहिला की यंव. खाली कोपऱ्यात ठळक अक्षरात अर्ज लिहिणाऱ्याचं नाव. माझं. आणि जाऊन कचेरीत देऊन आलो. उरलेला कागद फादरांना पोचता केला.

मृतांची मिस्सा भल्या सकाळी होती. धुकं इतकं की देवळाच्या दारातून वेदी दिसत नव्हती, नुसता मेणबत्तीचा पिवळा डाग. मी आत जात नाही. दाराला टेकून, हाताची घडी घालून उभा होतो.

फादरांनी कागद उघडला. "शांतवन."

कुणी हललं नाही. दुसऱ्या रांगेत धोंड्या बसला होता. त्यानं आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं, उलटे-सुलटे करून. शांतवन म्हणजे आपला धोंड्या, हे मला त्या क्षणाला कळलं.

मग त्याची बायको उठली. दर वर्षीची सवय. नाव आलं, उठायचं. नवऱ्याच्या गुडघ्यावरून पाय टाकून ती पुढं गेली आणि तिनं त्याच्या नावाची मेणबत्ती लावली.

सगळे मिळून म्हणाले, "प्रभू, याला विसावा दे."

धोंड्याही म्हणाला.

"याकोब." दुसरी मेणबत्ती. "अंतोन." तिसरी. सहा जिवंत माणसं, सहा ज्योती. दार उघडं होतं, धुकं आत येत होतं, आणि एकही ज्योत हलत नव्हती. थांबवायला एक शब्द पुरला असता, "चुकलं." पण सगळ्या म्हाताऱ्यांसमोर तो काढायचा म्हणजे जीभच उचलेना.

बाहेर आल्यावर मास्तरांनी गाठलं. "कंचा कागद दिलास रे?"

"तुम्ही दिला तोच."

"आन् अर्जात काय लिवलंस?"

"तुम्ही दिलं तेच."

यात एक शब्द खोटा आहे का?

वस्तीत कुजबूज सुरू झाली. फादर परगावचे, त्यांना आमचे चेहरेसुद्धा ओळखू येत नाहीत. त्यांनी नेमकी हीच सहा नावं कशी घेतली? त्यांना वरून कळलं असणार. दोन दिवस त्या सहा जणांच्या हातचं कुणी पाणी घेईना. लेकरं त्यांना बघून दारं लावायची. तिसऱ्या दिवशी धोंड्या माझ्याकडं आला. हसत होता, पण डोळे हसत नव्हते.

"फिलिपभाऊ, म्या मेलोय म्हनं."

"असं काही नसतं रे."

"नसना का. पर मेलेल्याला पाटील वेठीला धरतोय व्हय? आमी बार्शीला चाललोय. सहाबी जण. तिकडं इंग्रजाचं राज हाय, कापसाच्या जिनात काम मिळतंय."

आणि गेले. पहाटेच्या धुक्यात एकामागं एक. बायका दारात उभ्या होत्या, आणि कुणीच कुणाला हाक मारली नाही.

चौथ्या दिवशी कचेरीत सुनावणी. भर दुपार, समोरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. आमच्याकडून कमिटीचे म्हातारे, बायका आणि मी. तिथं रीत अशी की चपराश्यानं दारात उभं राहून प्रत्येक नाव बापाच्या नावासकट तीनदा पुकारायचं.

"पौलस वल्द येसू, हाजिर है?" तीनदा.

आमच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. पौलस जाऊन सात वर्षं झालेली. मग एकीनं पदर डोक्यावर घेतला, गुडघे टेकले, आणि बाकीच्यांनीही. "प्रभू, याला विसावा दे."

साहेबानं मान वर केली. चपराश्यानं पुढचं नाव घेतलं, तीनदा, मघापेक्षा हळू. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या नावाला त्याचा आवाज फाटला. पाचव्याला तो साहेबाकडं तोंड करून पुकारत होता, दाराकडं पाठ करायला नको म्हणून भिंतीला चिकटून.

"लाजर वल्द सावळा?"

लाजरची आई रूथबाई उठली. म्हातारी, काटकुळी.

"हाजर हाय साहेब. घाटात बसलाय. तुमच्या आधीच्या साहेबाची पेटी डोईवर हाय त्याच्या. खाली ठिवा म्हनलं न्हाय कुणी."

साहेबाचा टाक तसाच राहिला. कागदावर शाईचा डाग वाढत होता. मग त्यानं अर्ज दोन बोटांनी लांब सरकवला.

"ये मुर्दों की अर्जी किसने लिखी?"

कमिटी चार महिन्यांत पहिल्यांदा एकदिलानं वागली. सगळ्या म्हाताऱ्यांची बोटं एकाच दिशेला. सर्वांत आधी उठलेलं बोट माझ्या चुलत्याचं.

"दौरा परसों निकलता है. पाटील, आदमी कितने?"

"साहेब, सहाच्या सहा बार्शीला पळाले. बाकीच्या वस्त्यांतले धरले, पण एक कमी पडतोय."

साहेबानं अर्ज पुन्हा हळूच जवळ ओढला. सगळ्या नावांवरून बोट फिरवत तो खाली कोपऱ्यापर्यंत आला. अख्ख्या कागदावर जिवंत माणूस एकच होता, आणि त्यानं आपलं नाव ठळक लिहिलं होतं.

निघताना मास्तर भाकरी बांधून घेऊन आले. मी म्हणालो, "क्रूस तुम्ही सगळ्यावरच काढता, काका."

"व्हय," ते म्हणाले. "म्हनूनच तर सांगत होतो."

साहेबाच्या तंबूचा खांब मी ईटपासून तेरपर्यंत वाहिला. मजुरी मिळाली नाही. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे.